इराक राज्याची निर्मिती

इराक राज्याची निर्मिती : पहिल्या महायुद्धात ऑटोमन साम्राज्याचा पाडाव झाल्यानंतर त्याच्या बसरा, बगदाद व मोसूल ह्या तीन प्रांतांतून ब्रिटिशांनी घडविलेले अरब राज्य. ह्या निर्मितीचा काळ स्थूलमानाने १९१४ ते १९३२ असा मानला जातो. बसऱ्यावरील चढाईने तिला प्रारंभ झाला आणि राष्ट्रसंघाच्या सदस्यत्वाने तिची औपचारिक सांगता झाली. ह्या राज्याची सीमा, राजा, कायदे आणि सत्ताधारी वर्ग ठरविण्यात सर पर्सी कॉक्स, आर्नल्ड विल्सन, गर्ट्रूड बेल व हेन्री डॉब्ज ह्या प्रशासकांचा मोठा वाटा होता. त्यांपैकी बेल वगळता इतर तिघे हिंदुस्थान सरकारच्या सेवेत तयार झाले होते. त्यामुळे इराकच्या जडणघडणीवर हिंदुस्थानातील ब्रिटिश राज्यपद्धतीचा खोल ठसा उमटला.

पार्श्वभूमी : तैग्रिस व युफ्रेटीस नद्यांच्या ह्या प्रदेशाला यूरोपीय लोक मेसोपोटेमिया म्हणत, ‘अल्-इराक’ हे अरबी नाव प्रामुख्याने त्याच्या दक्षिण व मध्य भागांना लावले जाई. ऑटोमन अमलाखालील तिन्ही प्रांतांची तोंडे वेगवेगळ्या दिशांना होती. बसऱ्याचा व्यापार इराणी आखात व मुंबई यांच्याशी, बगदादचा इराणशी, तर मोसूलचा अलेप्पो व आनातोलिया यांच्याशी चाले. लोकवस्तीही एकजिनसी नव्हती. दक्षिणेत शिया अरब टोळ्या व नजफ-करबला ही शियांची पवित्र क्षेत्रे, मध्य भागातील नगरांतून सुन्नी अरबांचे वर्चस्व, उत्तरेच्या डोंगराळ भागात कुर्द, त्यांच्या जोडीला तुर्कमान, ॲसिरियन ख्रिस्ती व यझीदी आणि बगदाद शहरात ज्यूंचा मोठा व सधन समाज, अशी तिची रचना होती. मात्र ह्या प्रांतांत परस्परसंबंधच नव्हते, असे म्हणता येत नाही. नदीमार्गाचा व्यापार, तीर्थयात्रा आणि बगदादचे प्रशासकीय महत्त्व यांमुळे त्यांच्यात दळणवळण होते. एकत्र राज्याची कल्पना सर्वस्वी उपरी नव्हती. परंतु ते राज्य कोणाचे व कोणत्या स्वरूपाचे असावे, ह्याचा निर्णय रहिवाशांच्या हाती राहिला नाही.

ब्रिटिशांना ह्या प्रदेशाचे महत्त्व हिंदुस्थानामुळे वाटे. इराणी आखात हे हिंदुस्थानच्या संरक्षणाचे पश्चिम द्वार असून तेथील ब्रिटिश रेसिडेंट हिंदुस्थान सरकारला जबाबदार असे. कॉक्सने हे पद १९०४ पासून सुमारे दहा वर्षे सांभाळले होते. १९०८ मध्ये इराणच्या नैर्ऋत्य भागात तेल सापडल्यानंतर आणि आबादान येथे शुद्धीकरण कारखाना उभा राहिल्यानंतर ह्या हितसंबंधांत तेलाची भर पडली.

युद्ध व भारतीय प्रशासनपद्धती : ऑटोमन साम्राज्य जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरताच हिंदुस्थानातून निघालेली सेना ६ नोव्हेंबर १९१४ रोजी फाओ येथे उतरली व त्याच महिन्यात तिने बसरा घेतले. मुख्य राजकीय अधिकारी म्हणून कॉक्स सेनेबरोबर होता. मोहिमेचे सैनिक, रसद, जनावरे, होड्या व रेल्वेचे साहित्य मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानातून जाई आणि मुंबई हे त्यासाठी एक प्रमुख बंदर होते. बगदादकडे झेपावलेली जनरल टाउनशेंडची सेना टेसिफॉन येथे अडली व माघार घेऊन कूत येथे वेढ्यात सापडली. जवळजवळ पाच महिन्यांच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शरणागती पत्करली. कैद झालेल्या सु. १३,००० लोकांत भारतीयांचा भरणा मोठा होता. १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी ह्या वेढ्यात होत्या. कैदेतील हालअपेष्टांनी त्यांतील अनेक सैनिक दगावले. ११७ व्या पलटणीला ह्या मोहिमेतील कामगिरीबद्दल पुढे ‘रॉयल’ हा किताब देण्यात आला. ज्यांची थडगी ज्ञात नाहीत अशा ४०,००० हून अधिक सैनिकांचे स्मारक बसरा येथे आहे. त्यांत भारतीयांची संख्या मोठी आहे. कूतच्या आपत्तीमुळे मोहिमेची सूत्रे हिंदुस्थान सरकारकडून लंडनच्या युद्धखात्याकडे गेली आणि चौकशी आयोगाच्या अहवालानंतर भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलिनने १९१७ मध्ये राजीनामा दिला. जनरल मॉडने ११ मार्च १९१७ रोजी बगदाद घेतले. आपण जेते म्हणून नव्हे, तर मुक्तिदाते म्हणून आलो आहोत, अशा आशयाचा जाहीरनामा त्याच्या नावे काढण्यात आला.

सेनेच्या पाठोपाठ कारभार आला. १९१५ मध्ये व्याप्त प्रदेशासाठी हिंदुस्थानातील कायद्यांवर आधारलेली संहिता लागू करण्यात आली. रुपया हे प्रचलित नाणे बनले. कचेऱ्यांतून, पोलिसांत व रेल्वेत भारतीय कारकून व कर्मचारी नेमले गेले. महसुलाची जबाबदारी असलेल्या हेन्री डॉब्जने बलुचिस्तानात सेवा केली होती. टोळीप्रमुखास हाताशी धरून त्याच्यामार्फत टोळीवर राज्य करावे, ही वायव्य सरहद्दीवरील पद्धत त्याने येथे आणली. १९१६ च्या टोळीविषयक विनियमाने टोळ्यांतील तंटे व गुन्हे नेहमीच्या न्यायालयांकडे न जाता शेख व टोळीतील वडीलधारे यांच्यासमोर चालू लागले. ऑटोमन सुधारणांच्या काळात शेखांची सत्ता खिळखिळी करण्याचे प्रयत्न झाले होते. ब्रिटिशांनी ती कायद्याच्या आधाराने सावरून धरली. हाती थोडे अधिकारी असताना मोठा मुलूख स्वस्तात सांभाळण्याची ही सोय होती. परंतु तिच्यामुळे एकाच देशात नगरवासीयांस एक व टोळीवाल्यांस दुसरा, असे दोन कायदे निर्माण झाले.

परस्परविरोधी आश्वासने : युद्धकाळात ब्रिटनने अनेकांना अनेक वचने दिली. मक्केचा शरीफ हुसेन ह्याच्याशी १९१५-१६ मध्ये झालेल्या पत्रव्यवहारात अरब स्वातंत्र्यास पाठिंबा दर्शविताना बगदाद व बसरा प्रांतांत खास ब्रिटिश व्यवस्था राहील, असे सूचित केले होते. मे १९१६ च्या साइक्स-पीको करारान्वये बसरा-बगदादचा प्रदेश ब्रिटनच्या, तर मोसूल फ्रान्सच्या प्रभावक्षेत्रात ठेवण्यात आले होते. तुर्कस्तानशी ३० ऑक्टोबर १९१८ रोजी युद्धविराम झाल्यानंतर ब्रिटिश सेनेने मोसूल गाठले आणि डिसेंबरमध्ये क्लेमांसोने तेथील फ्रेंच हक्क सोडण्यास लॉइड जॉर्जकडे संमती दिली. दरम्यान नोव्हेंबर १९१८ मध्ये ब्रिटन व फ्रान्स यांनी संयुक्त जाहीरनामा काढून स्थानिक जनतेच्या मुक्त निवडीवर आधारलेली सरकारे स्थापण्याचे अभिवचन दिले. ह्या जाहीरनाम्याने बगदादमध्ये आशा पालवल्या आणि तेथील ब्रिटिश अधिकाऱ्यांची मोठी अडचण झाली.

विल्सन व बेल : १९१८ मध्ये कॉक्स तेहरानला गेल्यावर आर्नल्ड विल्सन (१८८४–१९४०) हंगामी मुलकी आयुक्त झाला. तो कर्तबगार, अफाट कष्टाळू व करारी होता. अरब लोक स्वराज्यास अद्याप पात्र नाहीत आणि चांगला कारभार हीच त्यांची खरी गरज आहे, असे त्याचे ठाम मत होते. लंडनच्या आदेशावरून त्याने १९१८-१९ च्या हिवाळ्यात जनमत अजमावले. मोसूलपासून आखातापर्यंत ब्रिटिश मार्गदर्शनाखाली एकच अरब राज्य असावे काय, त्यावर अरब अमीर असावा काय आणि असल्यास कोण, असे तीन प्रश्न होते. ते सर्वसामान्यांना न विचारता शेख, जमीनदार व प्रतिष्ठित नागरिक यांना विचारण्यात आले. अनुकूल उत्तर मिळण्याची खात्री असेल तेथेच सभा भरवाव्यात, अशा सूचना राजकीय अधिकाऱ्यांना होत्या. तरीही करबला, काझिमैन व बगदाद येथून प्रतिकूल सूर उमटलाच. हाती आलेली निवेदने लोकांचा कौल म्हणून लंडनला पाठविण्यात आली.

गर्ट्रूड बेल (१८६८–१९२६) ही ऑक्सफर्ड येथे इतिहासाचे शिक्षण घेतलेली प्रवासी व पुरातत्त्वज्ञ. अरबी भाषा, वाळवंटातील टोळ्या व त्यांच्या वंशावळी यांचे तिचे ज्ञान असाधारण होते. प्रारंभी तीही प्रत्यक्ष ब्रिटिश राजवटीच्या बाजूची होती. १९१९ च्या शरद ऋतूत सिरियाचा दौरा करून तेथील फैसलचे अरब शासन पाहिल्यानंतर तिचे मत पालटले. बगदादमध्येही अरब सरकार स्थापन करणे अपरिहार्य आहे, असे तिने आग्रहाने मांडले आणि त्यावरून विल्सनशी तिचे तीव्र मतभेद झाले. मात्र तिच्या कल्पनेतील अरब सरकार हे नगरांतील सुन्नी घराण्यांचे होते. शिया धर्मपंडितांच्या हाती सत्ता जाणे तिला धोक्याचे वाटे. म्हणजे राज्य अरबांचे असावे की नाही, ह्यावर ह्या दोघांत वाद होता. पण ते कोणत्या अरबांचे असावे, हे ठरविण्याचा अधिकार ब्रिटिशांचा आहे, ह्याविषयी दोघांनाही शंका नव्हती.

१९२० चा उठाव : एप्रिल १९२० मध्ये सान रेमो परिषदेत इराकचे मँडेट ब्रिटनला देण्यात आले. अप्रगत मानलेल्या प्रदेशाचा कारभार राष्ट्रसंघाच्या वतीने एखाद्या प्रगत राष्ट्राने तात्पुरता पाहावा, असे मँडेटचे तत्त्व होते. पण इराकमध्ये त्याचा अर्थ परकी अंमल कायम राहणार, असाच घेतला गेला. बगदादच्या मशिदींतून सुन्नी व शिया यांच्या संयुक्त सभा भरू लागल्या. करबला येथील श्रेष्ठ धर्मगुरू मिर्झा महंमद तकी शिराझी ह्याच्या फतव्याने चळवळीला धार्मिक अधिष्ठान मिळाले. वेळच्या वेळी व कसोशीने होणाऱ्या करवसुलीने टोळ्या आधीच चिडल्या होत्या. ३० जून १९२० रोजी रुमैथा येथे एका शेखाच्या अटकेवरून ठिणगी पडली आणि मध्य व दक्षिण युफ्रेटीसचे खोरे पेटले. ऑक्टोबरपर्यंत उठाव चालला. तो मोडण्यासाठी हिंदुस्थानातून कुमक आणावी लागली व विमानांतून बाँबहल्ले करण्यात आले. ब्रिटिश व भारतीय सैन्याचे चारशेहून अधिक लोक ठार झाले. सेनापती हॉल्डेनच्या अंदाजाप्रमाणे बंडखोरांपैकी ८,००० हून अधिक लोक मृत वा जखमी झाले. सु. चार कोटी पौंड खर्च झाला. युद्धाने थकलेल्या ब्रिटनमध्ये ह्या खर्चाविरुद्ध ओरड झाली आणि विल्सनचे प्रत्यक्ष राजवटीचे धोरण निकालात निघाले. ऑक्टोबर १९२० मध्ये कॉक्स उच्चायुक्त म्हणून बगदादला परतला. त्याने बगदादचा वयोवृद्ध नकीब अब्द अल्-रहमान अल्-गैलानी ह्याच्या अध्यक्षतेखाली मंत्रिमंडळ नेमले. प्रत्येक मंत्र्याशेजारी एक ब्रिटिश सल्लागार होता व अखेरचा निर्णय उच्चायुक्ताचा असे.

राजाची निवड : राजपदासाठी नकीब, बसऱ्याचा प्रभावी पुढारी सय्यद तालिब, मुहम्मराचा शेख खझअल, एक तुर्की राजपुत्र अशी अनेक नावे चर्चेत होती. मार्च १९२१ मध्ये वसाहतमंत्री विन्स्टन चर्चिल ह्याने कैरो येथे परिषद बोलाविली. तीस कॉक्स, बेल, टी. ई. लॉरेन्स इ. उपस्थित होते. शरीफ हुसेनचा पुत्र फैसल ह्याला फ्रेंचांनी जुलै १९२० मध्ये दमास्कसमधून हुसकावून लावले होते. पैगंबरांच्या घराण्यातील असल्यामुळे तो शियांनाही मान्य होईल, अरब बंडातील नेतृत्वामुळे राष्ट्रवाद्यांना रुचेल आणि देशात स्वतःचा पक्ष नसल्याने ब्रिटिशांवर अवलंबून राहील, असा हिशेब करून त्याची निवड पक्की झाली. ‘इराक इराकवासीयांचे’ असा पुकारा करणारा गृहमंत्री सय्यद तालिब आडवा येईल, हे उघड होते. एप्रिल १९२१ मध्ये कॉक्सच्या घरी चहापानास आला असता परतीच्या वाटेवर त्याला अटक करण्यात आली व त्याची सिलोनला रवानगी झाली.

फैसल जूनमध्ये बसऱ्यास उतरला. ११ जुलै रोजी मंत्रिमंडळाने त्याला राजा घोषित केले, पण चर्चिलच्या आग्रहास्तव लोकांचा कौलही घेण्यात आला. त्यात एकच प्रश्न व एकच उमेदवार होता. ९६ टक्के मते अनुकूल पडल्याचे जाहीर झाले. किर्कूकने विरोधी मत दिले, तर सुलैमानियाचा कुर्द प्रदेश मतदानापासून दूर राहिला. २३ ऑगस्ट १९२१ रोजी बगदादमध्ये फैसलचा राज्यारोहण-समारंभ झाला. तो दिवस शियांच्या गदीर सणाचा निवडण्यात आला होता. नव्या राज्याला राष्ट्रगीत नसल्यामुळे बँडवर ब्रिटिश राष्ट्रगीत वाजविण्यात आले.

करार व राजाची कोंडी : फैसल हा ब्रिटिशांच्या अपेक्षेइतका आज्ञाधारक निघाला नाही. ब्रिटिशांच्या आधारावाचून त्याचे सिंहासन टिकणारे नव्हते आणि ब्रिटिशांना विरोध केल्यावाचून त्याला लोकमान्यता मिळणारी नव्हती. त्याच्या कारकीर्दीचे बहुतेक राजकारण ह्या पेचातून घडले. मँडेट ह्या नावाचा तिटकारा लक्षात घेऊन ब्रिटनने त्याच तरतुदी कराराच्या रूपाने पुढे केल्या. ऑगस्ट १९२२ मध्ये फैसल आंत्रपुच्छाच्या विकाराने अंथरुणाला खिळला असताना कॉक्सने सत्ता हाती घेऊन राष्ट्रीय पुढाऱ्यांना हद्दपार केले व विरोधी वृत्तपत्रे बंद पाडली. १० ऑक्टोबर १९२२ रोजी करारावर सह्या झाल्या. त्याची वीस वर्षांची मुदत १९२३ च्या पुरवणी करारान्वये चार वर्षांवर आली. कॉक्सनंतर उच्चायुक्त झालेल्या डॉब्जने जून १९२४ मध्ये निर्वाणीचा इशारा दिल्यावर संविधान सभा मध्यरात्रीच्या सुमारास भरविण्यात आली. शंभरांपैकी ६९ सदस्य उपस्थित होते. ३७ विरुद्ध २४ मतांनी करार संमत झाला व ८ सदस्य तटस्थ राहिले. १९२५ च्या संविधानाने द्विगृही संसद व राजाला व्यापक अधिकार दिले. टोळीविषयक विनियमही पुढे चालू राहिला.

सीमा, कुर्द व तेल : दक्षिणेकडील सीमा नोव्हेंबर-डिसेंबर १९२२ मध्ये उकैर येथील परिषदेत ठरली. नज्दचा इब्न सौद व इराकचे प्रतिनिधी यांचे दिवसेंदिवस एकमत होईना. तेव्हा कॉक्सने नकाशा पुढे ओढून लाल पेन्सिलीने रेषा आखली, असे परिषदेस हजर असलेल्या हॅरल्ड डिक्सनने आपल्या आठवणींत नमूद केले आहे. टोळ्यांच्या ऋतुमानाप्रमाणे होणाऱ्या स्थलांतरासाठी एक तटस्थ प्रदेश राखण्यात आला. तो पुढे विभागला जाऊन संपुष्टात आला. कुवेतची सीमाही ह्याच वाटाघाटींत आकारास आली व आखातावरील इराकचा किनारा अगदी अरुंद राहिला. कुवेतविषयीच्या इराकच्या तक्रारींचे, आणि काही अंशी १९९० मधील आक्रमणाचे, मूळ ह्या कोंडमाऱ्यात शोधले जाते.

उत्तरेचा प्रश्न अधिक बिकट होता. १९२० च्या सेव्हर तहात कुर्दांना स्वायत्तता व पुढे स्वातंत्र्याची शक्यता दर्शविली होती. कैरो परिषदेत चर्चिलचा कल कुर्द प्रदेश वेगळा ठेवण्याकडे होता. कॉक्स व बेल यांनी त्याच्या समावेशाचा आग्रह धरला. सुन्नी कुर्दांमुळे शिया बहुमताला पासंग मिळेल, हा फैसलचाही युक्तिवाद होता. सुलैमानियाच्या शेख महमूद बर्झिंजीने १९१९ मध्ये उठाव केला व १९२२ मध्ये स्वतःस कुर्दिस्तानचा राजा म्हणविले. त्याचा विरोध मुख्यतः विमानदलाच्या बळावर मोडण्यात आला. १९२३ च्या लोझॅन तहात कुर्दांचा उल्लेख राहिला नाही. मोसूलवरील तुर्कस्तानचा दावा राष्ट्रसंघाकडे गेला. त्याच्या आयोगाने स्थानिक पाहणी केल्यानंतर डिसेंबर १९२५ मध्ये मोसूल इराकला मिळाले व १९२६ च्या अंकारा तहाने तुर्कस्तानने ते मान्य केले. तत्पूर्वी मार्च १९२५ मध्ये तुर्किश पेट्रोलियम कंपनीला तेलाची सवलत देण्यात आली होती. ऑक्टोबर १९२७ मध्ये किर्कूकजवळ बाबा गुर्गुर येथे तेलाचा प्रचंड साठा लागला. ब्रिटिश धोरणामागे केवळ तेलच होते, असे म्हणणे एकांगी ठरेल. संरक्षण, हिंदुस्थानकडील हवाई मार्ग आणि मोसूलवाचून बगदाद टिकणार नाही ही समजूत, हीही कारणे होती. परंतु तेलाचा विचार कधीच दूर नव्हता.

खर्च कमी करण्यासाठी ऑक्टोबर १९२२ पासून इराकचे संरक्षण ब्रिटिश विमानदलाकडे सोपविण्यात आले होते. थोड्या तुकड्या, चिलखती मोटारी, ॲसिरियनांची लेव्ही पथके व विमाने यांच्यावर राज्य उभे राहिले. कर न भरणाऱ्या वा बंडखोर गावांवर बाँब टाकण्याची पद्धत स्वस्त पडली. पण प्रजेशी बोलणी करण्यापेक्षा तिला वरून धाक घालावा, हा धडा नव्या राज्यानेही त्यातून घेतला.

स्वातंत्र्य व फलश्रुती : ३० जून १९३० च्या तहान्वये ब्रिटनने हवाई तळ आणि परराष्ट्रीय धोरणात विचारविनिमयाचा हक्क राखून इराकचे स्वातंत्र्य मान्य केले. १९३२ मध्ये रुपयाच्या जागी इराकी दिनार आला आणि ३ ऑक्टोबर १९३२ रोजी इराक राष्ट्रसंघाचा सदस्य झाला. मँडेटखालील प्रदेशांपैकी हा मान मिळविणारा तो पहिला देश होय. बेलचा १९२६ मध्येच बगदाद येथे मृत्यू झाला होता. तेथील पुरावस्तुसंग्रहालय व १९२४ चा पुरावस्तूविषयक कायदा ही तिची चिरस्थायी कामगिरी मानली जाते.

नव्या राज्याने प्रशासनयंत्रणा, सेना, शाळा, रेल्वे व अर्थव्यवस्थेची सामाईक चौकट उभारली, हे मान्य करावे लागते. फैसल स्वतः संयमी व दूरदृष्टीचा राजा होता. आपल्या अखेरच्या काळातील एका टिपणात, देशात निरनिराळे समाज असले, तरी एकसंध इराकी जनता अद्याप घडलेली नाही, अशी खंत त्याने व्यक्त केली होती. ऑगस्ट १९३३ मध्ये सिमेले येथे इराकी सेनेने ॲसिरियनांची कत्तल केली आणि ८ सप्टेंबर रोजी बर्न येथे फैसल मरण पावला. ब्रिटिशांनी पाठीराखे म्हणून वापरलेल्या ॲसिरियनांना त्यांच्या पश्चात कोणी त्राता उरला नव्हता. १९३३ च्या शेतकरीविषयक कायद्याने कर्जबाजारी कुळांना जमीन सोडून जाणे अशक्य केले. अशा रीतीने डॉब्जच्या काळात टोळीचा मुखिया म्हणून राखलेला शेख आता मोठा जमीनदार व संसदेचा आधारस्तंभ बनला होता.

१९३६ मध्ये बक्र सिद्कीच्या नेतृत्वाखाली लष्कराने पहिल्यांदा सत्तेत हस्तक्षेप केला. १९४१ मध्ये रशीद आलीच्या ब्रिटिशविरोधी सरकारचा पाडाव करण्यासाठी ब्रिटिश व भारतीय सेना पुन्हा बसऱ्यास उतरली. १४ जुलै १९५८ च्या क्रांतीत फैसलचा नातू दुसरा फैसल मारला जाऊन राजेशाही संपली. त्याच वर्षी टोळीविषयक विनियम रद्द झाला व जमीनसुधारणा कायदा आला. सुन्नी नगरवासीयांचे राजकीय वर्चस्व मात्र २००३ मधील अमेरिकेच्या आक्रमणापर्यंत टिकले. २००५ च्या संविधानाने इराक संघराज्य झाले व कुर्द प्रदेशाला स्वायत्तता मिळाली.

इराक हे ‘कृत्रिम’ राज्य होते, असे विधान वारंवार केले जाते. सीमा आखणारी रेषा परकी असली, तरी शंभर वर्षे तिच्या आत नांदलेल्या लोकांत देशाविषयी आपलेपणा निर्माण झाला. १९२० मध्ये मशिदींतून एकत्र आलेल्या सुन्नी-शियांनी त्याची चुणूक राज्यस्थापनेपूर्वीच दाखविली होती. दोष सीमारेषेपेक्षा राज्यसंस्थेच्या पायात होता. कौल घेण्यात आला, पण पर्याय ठेवले नाहीत. संसद दिली, पण ती शेखांच्या व दरबाराच्या हाती राहिली. स्वातंत्र्य मान्य केले, पण तळ राखले. संमतीचा आभास आणि सत्तेचे वास्तव यांतील ही फारकत वसाहती प्रशासकांच्या दृष्टीने व्यवहार्य तोडगा होता. तिची किंमत मात्र पुढील पिढ्यांतील इराकी जनतेला मोजावी लागली.